रफूताईच्या जुळ्या बहिणीची गोष्ट

आमच्या गल्लीत रफूताईचं दुकान आहे असं म्हणणं म्हणजे दुकान या शब्दावर अन्याय आहे. माझी लाँड्री आणि शेजारचा जिना यांच्यामध्ये एक फट उरली होती, तिला कुणीतरी दार लावलं आणि त्या फटीत ताई आयुष्यभर बसली. एक खुर्ची तिची, एक गिऱ्हाइकाची, खिडकीखाली लाकडी फळी, फळीवर भिंग आणि भिंतीवर टांगलेले लोकांचे कोट. तिसरा माणूस आला तर दुसऱ्याने उठायचं. मी तिसरा असायचो, त्यामुळे दारालाच टेकून उभा राहायचो. लाँड्रीत काम नसलं की मला गप्पांची तहान लागते, आणि ताईकडे तर नुसता खजिना होता. फक्त कुलूप लावलेला.

लोकांच्या कपड्यांची भोकं जिच्याकडे येतात तिला त्यांच्या घरातलं काय कळायचं राहतं? एक बँकेतले साहेब कोट घेऊन आले आणि म्हणाले, कसर लागली हो. ताईने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "ही कसर सिगारेट ओढते. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी भोक बुजवते." साहेब गेल्यावर मी खोदून खोदून विचारलं, बायकोला ठाऊक आहे का, डॉक्टरने बंद करायला सांगितली होती ना. ताई दोरा दातात धरून नुसतं हं म्हणाली. त्या हंमधून आजवर कुणालाही काही काढता आलेलं नाही, आणि मी काही कमी प्रयत्न केलेले नाहीत.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. ठिगळ दिसतं, रफू दिसता कामा नये. त्यासाठी बाजारातला धागा चालत नाही, रंग कितीही जुळवा. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असतं तिथून एकेक धागा हळूच ओढायचा, आणि तोच भोकावर उभा-आडवा विणायचा. कापडाची लाज कापडानेच राखायची. हे तिला आईने शिकवलं होतं, आणि हात इतका बसला होता की दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा विचारसुद्धा ती याच पद्धतीने करायची. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

ताईने लग्न केलं नाही. का नाही, हे मी तिला आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा माझ्या बायकोला मध्ये घालून विचारलं. उत्तर एकच, वेळ नाही मिळाला. आणि ते खरंही होतं. वडील बसडेपोत मेकॅनिक, आई घरी बसून रफू करायची. दोघं एकापाठोपाठ एक आजारी पडून गेले तेव्हा ताई विशीच्या आत होती, भाऊ शाळेत, आणि धाकटीचे तर दुधाचे दात पडत होते. ताईने आईची सुई उचलली. भावाला शिकवलं, त्याचं चष्म्याचं दुकान निघालं. धाकटीला शिकवलं, ती वडिलांच्याच डेपोत लागली, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. छत्र्या, डबे, पिशव्या, एकदा तर कुणाची कवळी. माणूस कवळी बसमध्ये विसरून घरी जेवायला कसा बसतो, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली आहे.

भावाला आम्ही सगळे चष्मेवाला म्हणतो. माणूस वाईट नाही, पण घराण्याचा भारी अभिमान. आजोबांच्या पलीकडचं कुणाला काही माहीत नाही, म्हणून तर अभिमानाला मोकळं रान मिळालेलं. आपले पूर्वज दर्यावर्दी होते असं त्याने ठरवून टाकलं होतं. बोटीत तो आजतागायत बसलेला नाही, पण बसलो तर मळमळणार नाही याची त्याला खात्री. दुकानात चारी बाजूंनी आरसे, त्यामुळे स्वतःचं नाक त्याला दिवसभर दिसायचं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, हे आमच्या घराण्याचं नाक. माझं बघा, आणि ताईचं बघा, हुबेहूब बाबांचं. तो असं म्हणाला की ताईचा हात आपोआप नाकाकडे जायचा. मला वाटायचं, लाजते.

तर एका रविवारी हा चष्मेवाला बायकोला घेऊन ताईकडे जेवायला आला. धाकटी तर घरातच होती, कारण ती ताईजवळच राहायची. नेहमीप्रमाणे तो ओरडतच आत शिरला, फळीवरचे डबे उघडून दोन-तीन गोष्टी तोंडात टाकल्या, कोट काढून ताईच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, बटण. आणि मग पिशवीतून तीन छोटे खोके काढून टेबलावर मांडले. घरबसल्या डीएनएची तपासणी. खोक्यात एक नळी असते, तिच्यात थुंकायचं, झाकण लावायचं आणि कंपनीला पाठवून द्यायची. आपले पूर्वज कुठून आले, कुणाचं कुणाशी काय नातं, सगळं फोनवर येतं. त्याचा नकाशा मोठा करून तो दुकानात लावणार होता.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, तिची जीभ म्हणजे वस्तरा. ती म्हणाली, "एरवी जिन्यात थुंकलं तर दंड भरावा लागतो. यांनी थुंकायचेही पैसे भरलेत."

सगळे हसले. ताई बटण लावत होती. तिने सुई बोटात टोचून घेतली. सुई टोचली म्हणून ती कधी अडखळलेली कुणी पाहिली नव्हती, पण त्या दिवशी उठून आत गेली.

आता काय झालं होतं ते सांगतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. काही धाकटीकडून कळलं, काही वहिनीकडून, आणि जे मुख्य ते खुद्द ताईकडून, एकदाच.

ताई त्या घरात जन्मली नव्हती. तिच्या आठवणीत आधीची एक खोली आहे, वरच्या मजल्यावरची, खिडकीला अर्धाच पडदा. तिथे एक बाई होती. ती हिचे केस विंचरायची आणि विंचरताना दुसरीकडेच बघत असायची. एक दिवस ती म्हणाली, संध्याकाळी येते, जिन्यात बस. मुलगी बसली. संध्याकाळ झाली, जिन्यातला दिवा लागला. खालच्या मजल्यावर तो मेकॅनिक आणि त्याची रफू करणारी बायको राहायची. त्यांना तोवर मूल नव्हतं. बायकोने मुलीला आत घेतलं, जेवू घातलं आणि दार उघडं ठेवलं, कुणी न्यायला आलं तर कळावं म्हणून. असे बरेच दिवस ते दार उघडं राहिलं. मग त्यांनी बिऱ्हाड हलवलं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी ओळखीचं नव्हतं. सामान टेम्पोत चढत असताना त्या मेकॅनिकच्या बायकोने मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, आता मी तुझी आई. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. मुलीने मान हलवली.

काही वर्षांनी भाऊ झाला, मग धाकटी झाली. त्यांना काही सांगायचा प्रश्नच आला नाही. पुढे शब्द घेणारीच गेली. पण शब्द लहान मुलीने दिलेला होता, आणि त्या वयाची माणसं शब्दाला मुदत घालत नाहीत.

तिला भीती कसली होती, तेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की घरातून बाहेर काढतील असं काहीतरी. तसलं काही नाही. या वयात कोण कुणाला काढतो? भीती एवढीच की आपण ताई उरणार नाही. भाऊ ओरडत घरात शिरतो, डबे उघडतो, अंगावर कोट फेकतो, ते हक्काने. तो हक्क त्या नळीतून वाहून जाईल, आणि मग राहील ती नुसती एक म्हातारी बाई, जिने या दोघांना सांभाळलं होतं.

तिने आधी तोंड कोरडं पडतं असं सांगून पाहिलं. मग म्हणाली, मला नाही जमत तसलं थुंकणं. चष्मेवाला ऐकेना. आठवड्याभरात नळी भरून ठेव, मी न्यायला येतो. तेव्हा तिने तिच्या धंद्यातला उपाय काढला. नळी पर्समध्ये घातली आणि दुपारी डेपोत धाकटीच्या खिडकीवर जाऊन उभी राहिली.

"त्या रक्तदाबाच्या गोळीने माझ्या तोंडाला लाळच सुटत नाही," ताई म्हणाली. "तू थुंकतेस का यात?"

"तुझ्या नळीत?"

"एकाच घरातलं आहे. काय फरक पडतो?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीत 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी ठेवली, ताईला आत घेतलं आणि हरवलेल्या छत्र्यांच्या आड बसून नळी तोंडाला लावली. नळीत रेघेपर्यंत भरायची होती. निम्म्यावर आल्यावर लाळ संपली.

"काहीतरी आंबट आठव," ताई म्हणाली.

"वहिनी आठवते," धाकटी म्हणाली, आणि रेघ गाठली.

धाकटीने एकही प्रश्न विचारला नाही. ताईला वाटलं, गोळीचं कारण पटलं. तिच्या हिशेबाने रफू चोख झालं होतं, घरातलाच धागा घेऊन घरातलं भोक बुजवलेलं. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. भावंडं एकाच कापडाची असली तरी धागा न् धागा कुणाचाच जुळत नसतो.

काही आठवड्यांनी चष्मेवाला फोन नाचवत रफूच्या दुकानात आला. मी अर्थातच दारात होतो. पहिली बातमी वाईट होती. नकाशात समुद्राचा थेंब नव्हता. सगळे पूर्वज कुठल्यातरी डोंगराच्या कुशीत पिढ्यान्पिढ्या बसून राहिलेले. मी म्हटलं, डोंगरातल्या लोकांनाही बोटीत मळमळत नसेल कदाचित, बसून बघा. तो ऐकत नव्हता. दुसऱ्या बातमीने तो हैराण झाला होता. कंपनी म्हणत होती की ताई आणि धाकटी एकसारख्या जुळ्या आहेत, नाहीतर दोन्ही नळ्या एकाच बाईच्या आहेत.

दोघींमध्ये बारा-तेरा वर्षांचं अंतर. वहिनीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे धाकटी पोटात इतकी वर्षं रेंगाळली. तिला सकाळी आवरायला लागणारा वेळ बघता अशक्य नाही." गल्लीत आठवडाभर हाच विषय. लोक ताईला विचारत, काय हो, जुळी कशी आहे? मीही विचारलं. ताई हसायची. तिचं ते हसणं मला तेव्हा कळायला हवं होतं, पण गंमत हाताशी लागली की मला दुसरं काही दिसत नाही.

चष्मेवाल्याने कंपनीशी फोनवर भांडून नवी नळी मागवली, फुकट. नळ्यांचा गोंधळ ताईच्याच हातून झाला असणार असं त्याचं मत होतं. म्हणून म्हणाला, या वेळी माझ्यासमोर. सुट्टीच्या सकाळी, दुकान बंद ठेवून, त्याने तिला मागच्या खोलीत डोळे तपासायच्या खुर्चीवर बसवलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरून लहान होत गेलेला. ताईच्या हातात नळी. धाकटी दाराशी, वहिनी टेबलाला टेकून. हा सगळा प्रसंग मला वहिनीने सांगितला, आणि सांगताना तिने एकही टोमणा मारला नाही, यावरून ओळखा.

ताईचं तोंड आता खरोखरच कोरडं पडलं होतं. नळी तोंडाजवळ न्यायची, पुन्हा खाली. चष्मेवाला चिडवत होता, घाबरतेस काय, इंजेक्शन थोडंच आहे.

"दादा, राहू दे," धाकटी म्हणाली. "पहिल्या नळीतही मीच थुंकले होते."

तो हसला. मग विचारलं, का?

ताईने नळीचं झाकण लावलं, घट्ट पिळून, जणू आत काही होतं.

"कारण माझी चालली नसती," ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. जिना, खालचं बिऱ्हाड, उघडं दार, टेम्पो. सांगताना ती तक्त्याकडे बघत होती, ओळीमागून ओळ वाचत असल्यासारखी. फार वेळ लागला नाही. आयुष्यभर राखलेली गोष्ट सांगायला किती कमी वाक्यं पुरतात, याचं वहिनीला फार नवल वाटलं होतं.

संपल्यावर धाकटी म्हणाली, तिला हे ठाऊक होतं. डेपोत लागली त्या सुरुवातीच्या दिवसांतच एक म्हातारी छत्री शोधायला आली होती, त्या जुन्या बिऱ्हाडाशेजारची. वडिलांचं नाव ऐकून ती बोलत सुटली, ती जिन्यात सापडलेली पोर कशी आहे गं? धाकटीने छत्री दिली, सही घेतली आणि घरी येऊन ताईने वाढलेलं जेवली.

"इतकी वर्षं?" ताईने विचारलं. "आणि बोलली नाहीस?"

"तुला वाटत होतं मला माहीत नाही. त्यात तुला बरं वाटत होतं. मी कशाला बिघडवू?"

म्हणजे दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत एका टेबलावर जेवत होत्या. उरला फक्त चष्मेवाला. तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला होता. वहिनी म्हणाली, तिला वाटलं आता हा चिडेल, फसवलंत म्हणेल. तो भलतंच बोलला.

"आईबाबा गेले तेव्हा तुला जाता आलं असतं."

"कुठे?"

"कुठेही. आम्ही तुझे कुणी लागत नव्हतो."

घरी परतताना धाकटीने ताईला विचारलं, ती नवी नळी भरून पाठवायची का? त्या पहिल्या बाईचं कुणी सापडेलही. ताई बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "ती संध्याकाळी येते म्हणाली होती. आम्ही बिऱ्हाड हलवलं. मागाहून ती आली असेल, तर आईने मला पळवलं असं होतं. आली नसेल, तर ती आलीच नाही असं होतं. मला यातलं काहीही कळून घ्यायचं नाही." त्या नळीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मी एखादी गोष्ट विचारली नाही हे ऐकून माझ्या बायकोने मला ताप आहे का ते पाहिलं.

आता खरी गोष्ट. चष्मेवाला रागावला नाही, तुटला नाही. तो अतिशय चांगला वागू लागला.

रविवारी तो आला आणि त्याने बेल वाजवली. ताईला वाटलं, कोण परकं आलं, म्हणून पदराला हात पुसत दार उघडलं. तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. डब्यांकडे पाहिलं नाही. जेवण छान झालंय म्हणाला. आपला कप स्वतः नेऊन विसळून ठेवला. कोटाचं बटण लोंबत होतं ते तसंच घेऊन घरी गेला. पुढच्या खेपेला त्याने तिच्या दुकानासाठी एक गुबगुबीत खुर्ची पाठवली. ती त्या फटीत शिरेना. अखेर माझ्या लाँड्रीत आली आणि तिच्यात मी बसू लागलो. तब्येतीची चौकशी, औषधं आहेत का, काही हवं का, आणि प्रत्येक वेळी जाताना दारात थांबून पुन्हा तेच.

एका दुपारी ताई सुई खाली ठेवून माझ्याशी बोलली. तेव्हाच तिने मला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तो माझ्याकडे पाहुण्यासारखा येतो. हे होऊ नये म्हणून मी लाळ उसनी आणली होती. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." मी नुसतं हं म्हटलं, आणि त्या हंचा उपयोग काय असतो ते मला तेव्हा समजलं.

मग बातमी आली. चष्मेवाला ताईचा जाहीर सत्कार करणार होता. आपल्या चष्म्याच्या दुकानासमोर खुर्च्या मांडून, कुठल्यातरी मंडळाच्या अध्यक्षांना बोलावून. बॅनर तयार होऊन आलाही होता. त्यावर ताईचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'रक्ताचं नातं नसतानाही ज्यांनी दोन पोरक्या मुलांना आपलं मानलं'. मी तो दुकानाच्या आत उभा केलेला पाहिला. माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. मी तसाच आलो आणि ताईला शब्द न् शब्द सांगितला.

ताईने हातातला कोट खुंटीला अडकवला, दुकानाला कुलूप घातलं आणि निघाली. मला अचानक डोळे तपासून घ्यायची निकड भासली. मी तिच्या आधी, दुसऱ्या रस्त्याने पोचलो. ती आली तेव्हा मी तपासणीच्या खुर्चीत होतो, नाकावर ती भिंगं बदलायची लोखंडी चौकट, आणि जग सगळं पुसट. पण कान शाबूत होते.

"तो बॅनर काढ," ताई म्हणाली.

तो म्हणाला, लोकांना कळायला हवं तू काय केलंस.

"काय केलं? भावाला वाढवलं. गल्लीतल्या निम्म्या बहिणींनी वाढवलेत. त्यांचे सत्कार केलेस?"

"त्या सख्ख्या होत्या, ताई. तू..."

"बोल ना. मी कोण?"

त्याने भिंगांच्या पेटीचं झाकण उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला.

"सत्कार परक्यांचे करतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बेल वाजवून येतोस. कप विसळतोस. मी तुझं काय बिघडवलं?"

मग तो भडाभडा बोलला. तुझ्याकडे पाहिलं की लाज वाटते म्हणाला. जन्मात एकदा थँक्यू म्हटलं नाही. बहीण आहे, करणारच, असं धरून चाललो, उलट कमी पडलं तर तोंड वर करून बोललो. आणि तू काही बांधील नव्हतीस.

"होते."

"कशाने?"

"तू रडायचास," ती म्हणाली. "धाकटी नाही, तू. मी कुठे निघाले की माझ्या चपला पोटाशी धरून दारात बसायचास. आणि वर विचारतोस, कशाने."

चौकटीतून मला दोन ठिपके दिसत होते, एक उभा, एक हळूहळू स्टुलावर बसलेला. कुणी मला बाहेर जा म्हणालं असतं तर मी आंधळ्याचं सोंग घेतलं असतं.

"माझ्याशी भांड," ताई म्हणाली.

"काय?"

"भांड. महिनाभर एकदाही ओरडला नाहीस. बहिणीचा कधी राग आला नाही असा भाऊ असतो का?"

तो म्हणाला, कशावरून भांडू, काही नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली. मग त्याने अगदी बारीक आवाजात सुरुवात केली.

"बाबांचा डेपोतला कोट. तो तू कापून धाकटीला शिवलास."

"तुला ढगळ होता तो."

"मी मोठा होणार होतो."

ताई म्हणाली, धाकटीला थंडीत अंगात घालायला काही नव्हतं. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, पण बाबांचं तेवढंच राहिलं होतं, मला विचारायचं होतंस, मी रोज तुझ्या पाठीमागे तो घालून आरशात बघायचो. ती म्हणाली, मग तेव्हा तोंड नव्हतं का? तो म्हणाला, तू डोळे फोडून शिवत बसली होतीस, तुझ्यापुढे काय बोलणार? ती म्हणाली, आणि आता टक्कल पडल्यावर आठवलं? आता त्याचा आवाज चढला. तूच म्हणालीस भांड! मग तिचाही चढला. बाह्या निम्म्याहून झिजल्या होत्या त्या कोटाच्या, तुला काय कळतं कापडातलं! पुढच्या दुकानातून वहिनी धावत आली, तिने दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार ओढून घेऊन परत गेली.

अखेर चष्मेवाला म्हणाला, "तू जा आता. मला गिऱ्हाईक आहे." त्याने माझ्या चौकटीत एक भिंग इतक्या जोरात खुपसलं की माझं नाक खाली बसलं. विचारलं, आता दिसतंय? काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, स्वच्छ.

सत्कार झाला नाही. बॅनर उलटा करून त्याने दुकानाच्या मागच्या खिडकीला उन्हासाठी लावलाय, कोरी बाजू बाहेर. त्या रविवारी तो ताईकडे फिरकला नाही. सोमवारी मी दाराला टेकून, जरा चाचरतच, भाऊ आला नाही वाटतं, असं विचारलं.

"रुसलाय," ताई म्हणाली. "कोटावरून." भिंगातून डोळा काढला नाही. म्हणाली, लहानपणीही असाच, तोंड फिरवून बसायचा, मग भूक लागली की यायचा.

शनिवारी तिने दुकान लवकर बंद केलं. बाजारात जायचंय म्हणाली, रविवारी आलाच तर डब्यांत काही असायला हवं.

"आणि नाही आला तर?" मी विचारलं.

"तर पुढच्या रविवारी," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन चालू लागली.